लाल नळ आणि पांडा कोरी

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी सकाळी, बहरीनला, जिदहफ्समधल्या आमच्या इमारतीत, समोरच्या फ्लॅटमधल्या माशांच्या टाकीत गीझरचं गरम पाणी शिरलं. टाकीत सहा मासे होते. चार वाचले. पाणी सोडणाऱ्याला ते गार असल्याची खात्री होती, आणि नळ उघडला तेव्हा ते गारच होतं.

आता पुन्हा ऑक्टोबर आला आहे. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांना विचारू लागली आहेत, "तुमचा नळ बदलला का?" कुणी "अजून नाही" म्हणतं. कुणी "परवाच" म्हणतं आणि जरा ओशाळतं, जणू थंडीला आधी शरण गेल्यासारखं.

बहरीनमध्ये मे महिन्यापासून इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या तापतात. निळ्या खुणेच्या, म्हणजे थंड पाण्याच्या नळातून येणारं पाणी दुपारी हातावर घेववत नाही. म्हणून घरोघरी गीझर बंद करतात. गीझरची टाकी बाथरूमच्या छताखाली, घराच्या आत असते. एसीच्या गारव्यात तिच्यातलं पाणी निवतं आणि लाल खुणेच्या नळातून गार पाणी येऊ लागतं. एकावेळी दोन बादल्या घ्यायच्या, मग ते पुन्हा निवायला वेळ द्यायचा. निळा गरम, लाल गार. पाच महिन्यांत हाताला हे इतकं सवयीचं होतं की डोळे मिटून लाल नळ सापडतो. भारतातून उन्हाळ्यात आलेले पाहुणे पहिल्या दिवशी हमखास निळ्या नळाखाली ओरडतात, आणि बाहेर बसलेले यजमान हमखास हसतात.

मग ऑक्टोबरात कधीतरी एका घरात कुणीतरी गीझर लावतं आणि नळ आपापल्या रंगाला परत जातात. त्याची ठरलेली तारीख नसते. एका घरात तो दिवस आधी येतो, शेजारच्या घरात नंतर. दोन नळांमधल्या या दिवसांना आपल्या पंचांगात नाव नाही. हवेत दमटपणा असतोच, पण संध्याकाळी तुबलीच्या खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला पहिल्यांदा धार असते. एसी बंद केला तर उकडतं, लावला तर पांघरूण लागतं. माणसं रात्री उठून रिमोट शोधतात. बाल्कनीत कपडे वाळतात की नाही ते कळत नाही. मुलांना खोकला होतो.

समोरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा रफीकभाई, त्यांची बायको शमीम आणि मुलगी झोया राहायचे. गाव खेडजवळ, जगबुडी नदीच्या काठी. रफीकभाई सित्रात एका कंपनीत फिटर होते. झोया बारावीत होती. मासे तिचे.

त्या जातीला पाळणारे पांडा कोरी म्हणतात. कोरी हे एका लहान मांजरमाशाच्या कुळाचं बोलण्यातलं नाव. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. अंग फिकट, पिवळसर गुलाबी. डोळ्यांवर काळा पट्टा, पाठीच्या पंखावर काळा ठिपका, शेपटीच्या मुळाशी आणखी एक. तोंडाला मिशा. खवल्यांऐवजी अंगावर हाडाच्या पट्ट्या, एकीवर एक बसवलेल्या. मूळ घर पेरूतल्या नद्यांमध्ये, जिथे डोंगरावरचं बर्फ वितळून आलेलं गार पाणी खाली जंगलात उतरतं. म्हणजे मासा उष्ण प्रदेशातला, पण त्याला पाणी गार लागतं. बहरीनमध्ये पाळायला याहून गैरसोयीचा मासा मिळणं कठीण. झोयाने तो ईसा टाउनच्या बाजारातून आणला होता, कारण तिथल्या दुकानात तो तळाशी एका जागी बसून होता आणि तिला वाटलं की तो तिच्याकडे बघून डोळा मिचकावतोय. हे मासे बुबुळ खाली फिरवतात, ते बाहेरून डोळा मारल्यासारखं दिसतं.

"ताई, ही आपली शिंगटीच हाय," रफीकभाई मला पहिल्यांदा टाकी दाखवताना म्हणाले होते. शिंगटी म्हणजे त्यांच्या नदीतला मिशांचा मांजरमासा. "फक्त गॉगल लावून आलीय."

"गॉगल लावून आलीय म्हंजे टुरिस्ट," शमीम आतून म्हणाली. "कालवणात एक घास नाय व्हायचा. हिला एसी, आणि मी किचनमदी उकडतेय."

"अम्मी, दे कॅन हिअर यू," झोया म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर ती इंग्रजीत द्यायची. तिची आई खेडच्या बोलीत भांडायची, ती शाळेच्या इंग्रजीत. कुणाचंही काही अडत नसे.

त्या वर्षी जूनमध्ये रफीकभाईंच्या कंपनीचं सित्रातलं काम संपलं. कंपनीने माणसं सोडली. तुबलीतल्या एका गॅरेजने त्यांना घ्यायचं कबूल केलं, पण व्हिसा त्या गॅरेजच्या नावावर व्हायला हवा होता. शमीमचा आणि झोयाचा व्हिसा रफीकभाईंच्या व्हिसावर. तो झाला नाही तर तिघांनीही निघायचं. झोयाची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. बारावीच्या मधल्या महिन्यांत दुसऱ्या देशातली शाळा तिला घेणार नव्हती. वर्ष जाणार होतं. घरात हे एकदाच स्पष्ट बोललं गेलं. त्यानंतर सगळे फक्त फोनबद्दल बोलत.

फोन मंदूबचा यायचा. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. तो रोज सांगे, "बुकरा, इंशाल्ला." उद्या. रफीकभाई त्याच्याशी हिंदीत, अरबीत, कधी कधी न कळत मराठीत बोलत. फोन ठेवला की शमीम विचारी, "काय?" ते म्हणत, "बुकरा." मग ती भांड्यांकडे वळे.

तो उन्हाळा आवाजांतून जास्त आठवतो. इमारतीतली निम्मी कुटुंबं सुट्टीवर भारतात गेली होती. दारांमागे एसी मात्र चालूच होते, बंद घरांत बुरशी येऊ नये म्हणून. जिन्यात उभं राहिलं तर सगळ्या मजल्यांवरून एकच घरघर यायची. पहाटे कंपन्यांच्या बसेस सित्राच्या रस्त्याला लागायच्या. रफीकभाईंना त्या बसवर जायचं नव्हतं, तरी ते त्या वेळेला उठत, शर्ट-पँट घालून खाली जात, बस गेलेली बघत आणि वर येत. शमीमच्या बेडरूममध्ये जुलैपासून एक बॅग उघडी होती. ती तिच्यात सामान भरायची आणि लागेल तसं परत काढायची. कुकर आत गेला, भाजीसाठी बाहेर आला, पुन्हा आत गेला. झोया पाठ करताना हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची.

मासेही तेच करत. कोरी तळाशी राहणारे मासे आहेत. वाळूत मिशा खुपसून, तोंडाने वाळू घेऊन कल्ल्यांतून सोडत दिवस काढतात. पण त्या उन्हाळ्यात ते काचेला घासत वर-खाली, वर-खाली करत. मधूनच एखादा सरळ पृष्ठभागाकडे झेपावे, हवेचा घोट घेई आणि सुटल्यासारखा खाली येई. पाण्यात प्राणवायू कमी पडला की ते असं करतात. काही पाळणारे सांगतात की हवेचा दाब उतरला, पाऊस जवळ आला, तरी ते असे अस्वस्थ होतात. बहरीनमध्ये जुलैत दाब उतरतो, पण पाऊस येत नाही. माशांना हे कोण सांगणार, असं झोया एकदा इंग्रजीत म्हणाली आणि पुस्तकाकडे वळली.

तिला त्यांची अंडी हवी होती. तिने वाचलं होतं की टाकीतलं थोडं पाणी काढून त्या जागी गार पाणी घातलं की कोरीला नदीला पूर आल्यासारखं वाटतं आणि ती अंडी घालते. मादी आपल्या पोटाखालच्या पंखांची ओंजळ करते, त्यात एक-दोन अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटवते. हे तिला परीक्षेआधी बघायचं होतं. परीक्षेनंतर आपण इथे असू की नाही, हे तिने वाक्यात कधी घातलं नाही.

सप्टेंबरमध्ये अभ्यास वाढला, तेव्हा पाणी बदलायचं काम रफीकभाईंनी अंगावर घेतलं. त्यांना काम हवंच होतं. पहिल्या शुक्रवारी त्यांनी बादलीतून पाणी ओतलं. मासे घाबरून टाकीतल्या लाकडाखाली गेले. रफीकभाई टाकीसमोर पाटावर बसून राहिले.

"असा पाऊस नसतो," ते म्हणाले. "असा टँकर असतो."

मग त्यांनी तुबलीतल्या एका वर्कशॉपमधून बारीक पारदर्शक नळी आणली. बाथरूमच्या लाल नळाला ती बसवली, दाराखालून हॉलमध्ये घेतली आणि टाकीच्या काठाला नळीच्या तोंडाशी चहाची गाळणी बांधली. आता पाणी थेंबाथेंबाने, बराच वेळ पडायचं. पृष्ठभागावर वर्तुळं उमटायची. पिण्याच्या पाण्याच्या कॅनमधलं थोडं मऊ पाणी ते आधी मिसळायचे, नळाचं पाणी माशांना जड पडतं म्हणून. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध झोया मोजून द्यायची. मासे लाकडाखालून बाहेर यायचे आणि त्या थेंबांखाली जमायचे. रफीकभाईंनी गावाकडे शिंगटी धरण्याच्या गोष्टी अशाच वेळी सांगितल्या. काटा लागला की हात कसा खांद्यापर्यंत ठणकतो, मग त्यावर गावातला प्रत्येक जण वेगळा उपाय कसा सांगतो आणि एकही कसा चालत नाही. झोया पाठ करता करता थांबून ऐकायची.

"लहानपणी किती पकडलीत?" तिने एकदा विचारलं, चक्क मराठीत.

"सांगितली तर आता खोटी वाटतील."

"वाटतीलच," शमीम म्हणाली. "लग्नाआधी मगर पण पकडली होती म्हणे. माझ्या बापाला सांगितलंन. तेवढ्यावर मी मिळाली यांना."

तो शुक्रवार असाच सुरू झाला. झोयाला दोन दिवस खोकला होता. सोमवारपासून सराव परीक्षा होती. शमीमने सकाळी लवकर, कुणाला न सांगता, बाथरूमबाहेरचं गीझरचं बटण दाबलं. पोरीने गरम पाण्याने अंघोळ करावी इतकंच तिच्या मनात होतं. झोया तेव्हा झोपलेली होती. रफीकभाई मशिदीतून यायचे होते.

ते आले, नेहमीप्रमाणे टाकीतलं थोडं पाणी काढलं, नळी लावली आणि लाल नळ उघडला. गाळणीखाली हात धरला. पाणी गार होतं. पाइपमध्ये रात्रभर थांबलेलं पाणी आधी येत होतं. तेवढ्यात फोन वाजला. मंदूब होता. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो कधी फोन करत नसे. रफीकभाई फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि दार लावून घेतलं, कारण हॉलमध्ये टाकीच्या पंपाचा आवाज होता.

मंदूब म्हणाला की अर्ज परत आला आहे आणि नवीन फोटो लागेल. पाठीमागे पांढरा पडदा हवा. रफीकभाई विचारत राहिले की म्हणजे अर्ज नाकारला का. मंदूब म्हणत राहिला, "ला, ला, मफी मुश्किल." नाही, काही अडचण नाही. हे बोलणं किती वेळ चाललं ते रफीकभाईंना नंतर सांगता आलं नाही.

झोया उठून बाहेर आली तेव्हा गाळणीतून वाफ येत होती.

तिची हाक आमच्या घरात ऐकू आली. त्यांचं दार उघडंच होतं. मी आत गेले तेव्हा तिने नळी ओढून फेकली होती, हॉलच्या फरशीवर पाणी होतं आणि मासे पृष्ठभागाशी उलटसुलट होत होते. शमीम फ्रीझरमधून बर्फाचा ट्रे घेऊन धावली.

"नो आइस! अम्मी, नो!" झोया ओरडली. एकदम गार केलं तरी ते मरतात. मग ती माझ्याकडे वळली. "आंटी, तुमचा नळ बदलला?"

"नाही."

आमच्या घरी गीझर अजून बंद होता. आमच्या लाल नळाचं पाणी दोन घरांच्या दारांतून बादल्यांनी गेलं. झोया मगाने टाकीच्या एका कोपऱ्यात ते सोडत होती, थांबत होती, बोट बुडवून बघत होती, औषधाचे थेंब टाकत होती. दुसऱ्या कोपऱ्यातून शमीम गरम पाणी उपसत होती. रफीकभाई बाल्कनीच्या दारात फोन हातात धरून उभे होते. फोन चालू होता. आतून "हॅलो, हॅलो" येत होतं.

"गीझर कोणी लावला?" त्यांनी विचारलं.

"मी लावला," शमीम हातातला मग न थांबवता म्हणाली. "पोरगी रात्रभर खोकत होती. तुमाला ऐकू नाय आलं?"

"सांगायचं ना, झोयाची अम्मी. एक शबूद सांगायचा."

"कधी सांगू? तुमी फोनवर. फोनवर नसलात तर खाली बस बघायला. ती बस तुमची नाय आता."

"स्टॉप इट," झोया म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. "प्लीज, दोघंही थांबा."

दोघी पुन्हा पाणी ओतू-उपसू लागल्या. दुपारच्या नमाजापर्यंत चार मासे तळाशी जाऊन बसले. कल्ले भराभर हलत होते, पण पोटं खाली होती. दोन वरच राहिले. शमीमने ते जाळीने काढले, कागदाच्या रुमालात गुंडाळले आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले. कालवणाची थट्टा तिने पुन्हा केली नाही. त्या दिवशी तिने गीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावली. झोयासाठी पाणी गॅसवर तापवलं.

त्या घरातला नळ गेल्या हिवाळ्यात बदललाच नाही. डिसेंबरमध्ये सगळीकडे स्वेटर निघाले, तरी तिथे पातेल्यात पाणी तापत होतं. आमच्याही घरी लाल नळाला हात लावताना मी आधी बोट पुढे करायला लागले. निळ्याला लावतानाही. एका बाजूचा भरवसा गेला की दुसऱ्या बाजूचाही जातो. इथे राहणाऱ्यांना हे नळापुरतं माहीत असतं. व्हिसाच्या बाबतीत ते बोलत नाहीत.

रफीकभाईंनी पांढऱ्या पडद्यासमोर नवा फोटो काढला. व्हिसा नोव्हेंबरमध्ये गॅरेजच्या नावावर झाला. पगार सित्रातल्यापेक्षा कमी लिहिला होता, आणि नियमाप्रमाणे त्या पगारावर कुटुंबाला ठेवता येत नाही. शमीमच्या आणि झोयाच्या रहिवासी कार्डांची मुदत मार्चअखेरपर्यंत होती. तोवर त्या राहू शकत होत्या. म्हणजे परीक्षा होणार होती आणि त्यानंतर काही नव्हतं. रफीकभाईंनी हे सांगितलं तेव्हा शमीमने बॅग बंद केली आणि कपाटावर ठेवली. कुकर बाहेर राहिला. मार्चपर्यंत तो रोज वाजला.

अंडी त्या हिवाळ्यात झाली नाहीत. चार मासे राहिले, पण काचेजवळ गेले नाहीत. झोयाने परीक्षा दिली. शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यात ती आणि शमीम गेल्या. रफीकभाई तुबलीत गॅरेजच्या माणसांबरोबर एका खोलीत राहायला गेले. तिथे एका माणसाच्या वाट्याला पलंग आणि त्याखालची जागा येते. टाकी त्या जाण्याआधीच आमच्याकडे आली होती. तिघांनी मिळून ती रिकामी करून उचलली, जिन्यावरून नव्हे तर नुसती दारातून दारात, आणि तरीही झोया तीन वेळा म्हणाली, "सावकाश."

यंदाचा उन्हाळा त्या टाकीबरोबर गेला. आम्ही सुट्टीवर गेलो नाही. रफीकभाई दर शुक्रवारी येतात, नमाजानंतर. येताना हातावर ग्रीसचा वास असतो म्हणून आधी बेसिनवर हात धुतात, साबण दोनदा लावतात, मग पुन्हा नुसत्या पाण्याने. चहा घेतात. झोया रत्नागिरीत कॉलेजला जाऊ लागल्याचं त्यांनी जुलैत सांगितलं. विषय कोणता ते विचारल्यावर म्हणाले, "मासेच. मी म्हटलं, शिंगटीचा काटा लागला तर उपाय शोध. आमच्या गावाला अजून मिळालेला नाय."

मग ते नळी लावतात. नळी तीच आहे, गाळणीही. नळ उघडण्याआधी विचारतात, "ताई, गीझर?"

"बंद."

तरीही ते बाथरूममध्येच थांबतात. नळाच्या तोंडाशी, जिथे नळी बसवली आहे तिथे, तळवा धरून उभे राहतात. पाणी संपेपर्यंत हात काढत नाहीत. फोन वाजला तर वाजू देतात.

या आठवड्यात रात्री गार झाल्या. सातव्या मजल्यावरच्यांनी नळ बदलला, समोरच्या फ्लॅटमध्ये आलेल्या नव्या कुटुंबानेही. गेल्या शुक्रवारी रफीकभाई नेहमीप्रमाणे आले, पाणी सोडलं, हात धरून उभे राहिले आणि गेले. शनिवारी मासे दिवसभर काचेशी होते. वर-खाली, वर-खाली. एक मोठी मादी पुढे आणि बाकीचे मागे. ही गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली येरझार आहे की दुसरं काही, ते ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळी पंपाच्या बाजूच्या काचेवर पांढरट ठिपके होते. मोहरीपेक्षा थोडे मोठे, एकमेकांपासून दूर, वाऱ्याने उडून चिकटल्यासारखे. फोटो काढून झोयाला पाठवला. तिने फोन केला. मागे हॉस्टेलचा गलका होता.

"मोठ्यांना वेगळं काढा, नाहीतर ते खातील," ती म्हणाली. मग विचारलं, "अब्बांना सांगितलं?"

"अजून नाही. कामावर आहेत."

"मी सांगते," ती म्हणाली. "आणि आंटी, गीझर?"

संध्याकाळी रफीकभाई आले. रविवारी ते कधी येत नाहीत. गॅरेजचा निळा कोट अंगावरच होता. त्यांनी हात धुतले, साबण दोनदा लावला, टाकीसमोर पाटावर बसले आणि फोन काचेजवळ धरला. पलीकडे शमीम होती.

"दिसतात काय?" त्यांनी विचारलं.

"दिसतात," शमीम म्हणाली. "हात हलवू नका."

आज मंगळवार आहे. अंड्यांत बारीक काळे ठिपके दिसू लागले आहेत. आमच्या घरी अंघोळीचं पाणी गॅसवर तापतं. गीझर बंद आहे.